इनसेमचा अर्धा पेपर कोरा राहिला, आता कॉलेजला सांगायचं का?

कराडहून एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा साडेसतरा वर्षांचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला, हॉस्टेलवर राहतो. डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचायला आणि लिहायला अडचण. सातवीत टेस्ट झाली, तोपर्यंत शाळेत सगळे "हुशार आहे पण आळशी आहे" एवढंच म्हणायचे. दहावी-बारावीला बोर्डाकडून जादा वेळ आणि रायटर, म्हणजे सांगितलेलं लिहून देणारा लेखनिक, मिळाला, मार्क चांगले पडले, सीईटीपण बरी गेली आणि ओपनमधून मेरिटवर अ‍ॅडमिशन झाली. तेव्हा मुलाचे बाबा म्हणाले की आता इथं कुणाला काही सांगायचं नाही, चारचौघांसारखं शिकू दे त्याला. मग इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, झाली आणि तीसपैकी नऊ, अकरा, आठ असे मार्क आले.

आई लिहितात, "ताई, त्याला सगळं येत होतं हो, रात्री फोनवर मला अख्खं उत्तर म्हणून दाखवलं, पण लिहिता लिहिता वेळच संपली." त्यांनी कॉलेजच्या ऑफिसला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, ते बोर्डाचं असतं मॅडम, इथं तसलं काही नसतं. मुलगा म्हणतो आई तू कॉलेजला येऊ नकोस, मी बघतो, आणि बघत काहीच नाही. बाबा म्हणतात शिक्का बसेल. आता त्या विचारतायत की कॉलेजने हे द्यायलाच पाहिजे असं काही आहे का, आणि मी सरळ जाऊन प्रिन्सिपलना भेटू का?

ताई, सरळ उत्तर आधी देते, बाकीचं नंतर. द्यायलाच पाहिजे. आणि नाही, तुम्ही जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही.

ऑफिसमधल्या त्या माणसाला दोष देत बसू नका, त्याच्या टेबलावर अशी केस कदाचित कधी आलीच नसेल. पण तो म्हणाला ते चूक आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात तुमच्या मुलाचा त्रास कुठेच बसत नव्हता, नव्या कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि डिस्लेक्सिया, डिसग्राफिया हे 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणून त्यात आले. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक हे शब्द स्पष्ट लिहिलेत. तिथं फक्त दहावी-बारावी असं काही म्हटलेलं नाही. बोर्ड आपल्या परीक्षेपुरतं देतं, विद्यापीठ आपल्या परीक्षेपुरतं, आणि इनसेम, युनिट टेस्ट, प्रॅक्टिकल, ओरल हे जे कॉलेज स्वतः घेतं तिथं कॉलेजने द्यायचं.

आता एक गैरसमज जो तुमच्या घरात आहे आणि मला वाटतं सगळी गाडी तिथंच अडलीये. तुम्ही लिहिलंय की "आम्ही कोट्यातून अ‍ॅडमिशन घेतली नाही, मग आता सवलत कुठल्या तोंडाने मागायची". या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांमध्ये निदान पाच टक्के जागा राखीव ठेवायच्या, ते ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, ते कलम ३२. ती जागा तुम्ही घेतली नाही, ठीक आहे, तो तुमचा निर्णय. पण पेपरला वेळ मिळणं हा जागेचा भाग नाहीये. ओपनमधून आलेला, मॅनेजमेंट कोट्यातून आलेला, कसाही आलेला मुलगा असू दे, त्याला लिहायला त्रास आहे आणि त्याचा कागद आहे तर तो मागू शकतो. उलट हा मुलगा मेरिटवर आलाय म्हणजे विषय येत नाही असं तरी कुणी म्हणू शकणार नाही, अडचण हातातच आहे.

बाबांच्या शिक्क्याबद्दल. मी त्यांना वेडं ठरवणार नाही, कारण आपल्याकडे लोक काय काय बोलतात ते सगळ्यांना माहितीये. पण जरा नीट बघू की हे कळणार कुणाला. परीक्षा विभागाला, वर्गाच्या कोऑर्डिनेटरला, आणि जे विषय शिकवतात त्या तीन-चार जणांना. झालं. हो, पेपरच्या दिवशी मुलगा वेगळ्या खोलीत बसेल आणि मित्र विचारतील की कुठे होतास रे. त्याचं एक वाक्याचं उत्तर त्याने आधीच ठरवून ठेवावं, "मला लिहायला वेळ लागतो, मला एक्स्ट्रा टाइम आहे", बस. हॉस्टेलवरची मुलं दोन दिवस चिडवतील आणि तिसऱ्या दिवशी सबमिशनच्या मागे लागतील. सर्टिफिकेटची झेरॉक्स मात्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी टाकायची नाही, हे अर्जात चक्क लिहा, कारण काही सर लोक "सगळ्यांनी डॉक्युमेंट ग्रुपवर टाका" म्हणतात आणि पोरं बिचारी टाकतात. आणि बाबांना एवढं विचारा की शिक्का आत्ता नाहीये का? तीसपैकी आठ हा शिक्काच आहे. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की तोही शिक्काच. सातवीपर्यंत जो 'आळशी' होता तोच परत बसणार, फक्त आता मार्कशीटवर.

आणि हेही सांगा त्यांना, की सरकारी नोकऱ्यांत जे चार टक्के आरक्षण आहे त्यातल्या एक टक्क्याच्या गटात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. उद्या पोरगं एमपीएससी नाहीतर बँकेच्या परीक्षेला बसायचं म्हणेल तेव्हा हाच कागद लागणार, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ता करा.

कागदावरूनच पुढे जाते कारण इथं तुमच्याकडे थोडाच वेळ आहे. तुम्ही लिहिलंय की सर्टिफिकेट दहावीच्या आधी काढलं. अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटचं असं असतं बघा, की ते वयाच्या टप्प्यावर परत तपासावं लागतं, चौदाव्या वर्षी आणि मग अठराव्या वर्षी, आणि अठराला जे मिळतं ते आयुष्यभर चालतं. म्हणजे नेमकं मूल कॉलेजात जातं तेव्हाच जुन्या कागदाची मुदत संपायला येते, आणि बऱ्याच घरांत हे लक्षात येतं ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. तुमचा मुलगा फेब्रुवारीत अठरा पूर्ण करतोय. तर डिसेंबरची एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा, जुन्या कागदावर भागवायची आणि फेब्रुवारीत नव्याने टेस्ट, असा हिशोब धरून चला.

टेस्टसाठी आधी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि हॉस्पिटल निवडायचं. तुम्हाला सातारचं सिव्हिल जवळ आहे, तिथं अध्ययन अक्षमतेची टेस्ट होते का हे आधी जाऊन विचारा, फोनवर नको. कारण यात नुसतं डॉक्टरने बघून सही केली असं नसतं, आधी डोळे आणि कान तपासतात, मग आयक्यू, मग निम्हान्सची (बेंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था) जी टेस्ट आहे ती सायकॉलॉजिस्ट घेतात, वाचणं, लिहिणं, स्पेलिंग, गणित, आणि हे एका बैठकीत उरकेलच असं नाही. तिथं होत नसेल तर लेखी रेफर करून घ्या आणि मुंबईला सायन हॉस्पिटलमध्ये जा, तिथलं लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक जुनं आहे, तिथल्या लोकांना हे रोजचं आहे. जाताना जुनं सर्टिफिकेट, जुने टेस्ट रिपोर्ट, दहावी-बारावीचं बोर्डाचं सवलतीचं पत्र आणि मुलाच्या दोन-तीन वह्या घेऊन जा. हो, वह्या. ज्यात त्याने घाईघाईत नोट्स घेतल्यात त्या, सुवाच्य करून लिहिलेल्या नाहीत.

दिव्यांगत्वाच्या टक्क्यांबद्दल तुम्ही घाबरलेल्या दिसता, की चाळीसच्या खाली आले तर सगळं गेलं. नाही जात. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आलाय, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला लागलं की हात धरतो, आणि चाळीस टक्क्यांच्या नियमात बसत नाही म्हणून यूपीएससीने रायटर नाकारला. कोर्ट म्हणालं की असं चालणार नाही, लिहिण्याची अडचण खरी असेल तर ४० टक्क्यांची अट आडवी घालू नका. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या लोकांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं लिहिण्याच्या अडचणीबद्दलचं सर्टिफिकेट लागायचं, आता त्यांच्या जागी २०२५ ची तत्त्वं आलीत. आणि तुमच्या मुलाशी अगदी जुळणारा निकाल हवा तर नोव्हेंबर २०२१ चा अवनी प्रकाश विरुद्ध एनटीए (नीट घेणारी केंद्राची संस्था). डिसग्राफिया असलेली मुलगी, नीटच्या सेंटरवर तिला जादा एक तास दिला नाही, पेपर काढून घेतला. कोर्टाने स्पष्ट म्हटलं की हे चुकीचं झालं, आणि एनटीएला दुरुस्त करायला सांगितलं. या दोन निकालांची नावं अर्जात एका ओळीत टाका, त्यापेक्षा जास्त वकिली नको. पहिल्याच अर्जात कायद्याचा धाक दाखवला की समोरचा माणूस मदत करायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतो.

आता तो अर्ज. इथंच मी म्हणतेय की तुम्ही जाऊ नका. शाळेत आई जायची, बाईंना भेटायची, बाई पुढचं बघायच्या. कॉलेजात अशी बाई नसते. तिथं दर सेमिस्टरला शिकवणारे बदलतात, परीक्षा विभाग वेगळा, लॅब वेगळी, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तोंड उघडून सांगायला लागतं. तुम्ही कराडहून चार वर्षं येत राहणार आहात का? आणि खरं सांगू, अठरा वर्षांच्या पोराची आई केबिनमध्ये बसून बोलतेय आणि पोरगं बाजूला मान खाली घालून उभं आहे, हे बघून सरांना पोराची कीव येते पण ते त्याला सिरीयसली घेत नाहीत. तेव्हा अर्ज त्याच्या नावाने, सही त्याची. फेब्रुवारीपर्यंत तो कायद्याने अज्ञान आहे म्हणून खाली पालकांची सही लागेल, ती तुमची किंवा बाबांची. मला विचाराल तर बाबांची घ्या.

अर्जात नुसतं "मला सवलत मिळावी ही विनंती" असं लिहिलं तर काही होत नाही, कारण काय द्यायचं तेच समोरच्याला कळत नाही. काय हवंय ते मोजून मापून लिहा. म्हणजे साधारण असं: "मला डिस्लेक्सिया व डिसग्राफिया आहे, सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. दहावी व बारावीला बोर्डाने मला तासाला २० मिनिटं जादा वेळ व लेखनिक मंजूर केला होता, ती पत्रं सोबत आहेत. तरी इनसेम, एंडसेम व सर्व अंतर्गत परीक्षांत तासाला २० मिनिटं जादा वेळ, आवश्यक त्या पेपरला लेखनिक, जर्नल व असाइनमेंट टाइप करून देण्याची परवानगी, आणि लेक्चरचं ऑडिओ रेकॉर्डिंग स्वतःच्या अभ्यासासाठी करू देण्याची परवानगी मिळावी. माझी कागदपत्रं गोपनीय ठेवावीत." बस, एक पान. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा, आणि तो शिक्का मारल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी. ईमेल पण करायचा, कॉलेजच्या आयडीवरून. आणि त्याच दिवशी परीक्षा बघणाऱ्या सरांना समोर भेटून दोन मिनिटं बोलायचं, कारण अर्ज ट्रेमध्ये जातो आणि माणूस लक्षात राहतो.

कॉलेजमध्ये समान संधी केंद्र किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कुणी प्राध्यापक नेमलेले आहेत का तेही त्याने विचारावं. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणणं आहे की असावं. काही ठिकाणी ते खरंच कामाचं असतं, काही ठिकाणी नुसता बोर्ड असतो, पण बोर्डावर ज्यांचं नाव आहे त्यांना सीसीमध्ये ठेवायला काय जातंय.

वीस मिनिटांचा हिशोब मुलाला पाठ पाहिजे. एक तासाच्या इनसेमला वीस, अडीच तासांच्या एंडसेमला पन्नास, तीन तासांना एक तास. तासाच्या आतली टेस्ट असेल तर त्याच प्रमाणात, पाचाच्या पटीत, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी नाही. हे केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत होतं, त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवी आलीत, ताज्या तत्त्वांची प्रिंट काढून फाइलला लावा. त्यानंतरही परिपत्रकं येत असतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं ताजं परिपत्रक कोणतं ते त्याने शोधून तेही लावावं.

रायटरचं जरा सविस्तर बोलते कारण इथं मुलाचं आणि तुमचं जमत नाहीये. तुम्ही लिहिलंय तो म्हणतो "मला रायटर नको, लाज वाटते". नुसती लाज असेल असं मला नाही वाटत. बारावीपर्यंत उत्तरं सांगणं वेगळं आणि इंजिनीअरिंगचं सांगणं वेगळं. मॅथ्सचं इंटिग्रेशन तोंडाने सांगून बघा कधी, "रूट एक्स अधिक एक, नाही नाही, रूट फक्त एक्सवर, अधिक एक बाहेर", तोवर रायटरने खोडून दोनदा लिहिलेलं असतं. सी प्रोग्रॅमिंगच्या पेपरला "फॉर, कंस, आय बरोबर शून्य, सेमीकोलन" असं एकेक चिन्ह सांगायला लागतं आणि रायटर नियमाने खालच्या वर्गातला असतो, अकरावी-बारावीचं पोरगं, त्याला सेमीकोलन कुठे आणि कर्ली ब्रॅकेट कुठे काय माहीत. त्यामुळे सगळ्या पेपरला रायटर घ्यायची गरजच नाहीये, ही सवलत काही थाळी नाही की सगळं ताटात आलंच पाहिजे. मॅथ्स आणि प्रोग्रॅमिंगला नुसता जादा वेळ घेऊन स्वतः लिहायचं, आणि ज्या पेपरला पानंच्या पानं थिअरी आहे तिथं रायटर. वेगवेगळ्या पेपरला वेगळा रायटरही चालतो. कॉम्प्युटरवर टाइप करून पेपर द्यायचीसुद्धा तरतूद आहे, ती त्याला सगळ्यात आवडेल असं मला उगाच वाटतंय, विचारा त्याला.

रायटर घेणार असेल तर पेपरच्या निदान दोन दिवस आधी त्याला भेटू देतात, तेही नियमात आहे. त्या भेटीत चहा पिऊन यायचं नाही, मागच्या वर्षीचा एक प्रश्न घेऊन सांगायची आणि लिहायची प्रॅक्टिस करायची, आकृती कोण काढणार, खोडायचं असेल तर काय म्हणायचं, हे ठरवायचं. अध्ययन अक्षमता असलेल्यांना रायटरसाठी नुसतं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट पुरत नाही, लिहिण्याची अडचण आहे आणि लेखनिक गरजेचा आहे असं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाच्या सरकारी अधिकाऱ्याचं वेगळं पत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. अंध मुलांना किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना ते लागत नाही म्हणून कुणी सांगेल की गरज नाही, पण तुम्हाला लागेल. साताऱ्याला एकदा जाणारच आहात तर तेही त्याच फेरीत घ्या.

आता सबमिशन. पत्रात याबद्दल एकच ओळ आहे, "रात्र रात्र जागून फाइल लिहितो", आणि मला तर सगळ्यात मोठी अडचण तीच वाटली. परीक्षा सेमिस्टरला दोनदा, पण जर्नल आणि असाइनमेंट दर आठवड्याला. आपल्याकडे इंजिनीअरिंगला हातानेच लिहून द्यायचा जो हट्ट आहे तो कुणासाठी आहे देव जाणे, निम्मी पोरं एकमेकांची फाइल समोर ठेवून उतरवतात हे सरांनाही माहीत असतं. ज्याचा हातच चालत नाही त्या मुलाचे दिवसाचे तीन तास त्यात जातात, तेवढ्यात त्याचा एक विषय वाचून झाला असता. म्हणून टाइप केलेलं जर्नल स्वीकारा ही मागणी मी अर्जात मुद्दाम घातलीये आणि जादा वेळेइतकीच ती लावून धरा. एखादे सर म्हणतील बाकीची मुलं काय म्हणतील, तर मुलाने म्हणावं की सर मी टाइप केलेलं तुम्ही ओरलला विचारा, मला सांगता येतं. तसं त्याला येतंच, फोनवर तुम्हाला म्हणून दाखवलंच की. ग्राफिक्सच्या शीटचं मात्र बोलून ठरवावं लागेल, काही जण कॅडवर करू देतात, काही जण शीटची संख्या तीच ठेवून तारीख वाढवून देतात, मिळेल ते घ्या.

वाचनासाठी फोनच वापरू दे. पीडीएफ मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आता फोनमध्ये, एज ब्राउझरमध्ये फुकट आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही. बोलून टाइप करणंही जमतं. छापील पुस्तक वाचायला अडचण असलेल्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, तिथं मेंबर व्हायला सर्टिफिकेट लागतं. ही वाट अंध विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी पाडलीये, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अख्खं रिसोर्स सेंटर आहे, आणि आज डिस्लेक्सियावाल्या पोरांना जे काही मिळतंय त्यातलं बरंचसं त्या भांडणांमुळे मिळतंय.

समजा अर्ज देऊन पंधरा दिवस झाले आणि काहीच नाही. मग त्याने प्रिन्सिपलना भेटायचं, शिक्का मारलेली प्रत हातात घेऊन. आता इथं तुम्ही सोबत जायला हरकत नाही, पण बोलेल तो. त्यानंतर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला कॉलेजमार्फत आणि थेट, दोन्हीकडे. तरीही नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथं लेखी तक्रार करता येते. बहुतेक केस तिथपर्यंत जात नाही, प्रिन्सिपलच्या केबिनमध्येच "अरे आधी का नाही सांगितलं" होऊन मिटते.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही पण सांगते. एआयसीटीईची (तंत्रशिक्षण बघणारी केंद्राची परिषद) 'सक्षम' म्हणून स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५०,००० रुपये, टेक्निकल डिग्री-डिप्लोमाच्या मुलांना, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म असतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, दिव्यांग विद्यार्थ्यांची पोस्ट मॅट्रिक आहे तीही बघा, एका वेळी कोणती घेता येते ते फॉर्ममध्ये वाचूनच भरा. अठराव्या वर्षाच्या सर्टिफिकेटवर किती टक्के येतात त्यावर हे सगळं अवलंबून आहे, तेव्हा आत्ताच त्या पैशांवर लॅपटॉप घेऊ नका.

मुलाशी कसं बोलायचं. "तू अर्ज दे" असं दर रात्री फोनवर म्हणू नका, तो फोन उचलायचा बंद करेल. तो दिवाळीत घरी येईल तेव्हा इनसेमचा तोच पेपर घ्या, घरी टेबलावर बसवा, घड्याळ लावा आणि एक तास वीस मिनिटं द्या. काय होतं ते त्यालाच बघू दे. वीस मिनिटांनी फरक पडला तर अर्ज तो स्वतः लिहील. नाही पडला तर अडचण लिहिण्याच्या वेगापेक्षा मोठी आहे आणि मग रायटरचं किंवा टाइप करण्याचं बोलणं आपोआप निघेल. कारण तुम्ही दोघंही अजून अंदाजावर भांडताय, आणि बाबा तिसरीकडे.

झालेल्या इनसेमचे मार्क बदलून मागत बसू नका, त्यात अर्जाची सगळी ताकद जाईल आणि हाती काही येणार नाही. एंडसेमचा परीक्षा फॉर्म भरताना दिव्यांग विद्यार्थी असा रकाना असेल तर तिथं खूण करायची आहे, फॉर्मच्या तारखेच्या आधी अर्ज आत गेला पाहिजे, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि फेब्रुवारीत टेस्टला मुलासोबत बाबांना पाठवा, तुम्ही नका जाऊ. ओपीडीबाहेर दोन-तीन तास बसावं लागतं, बाजूला दुसऱ्यांची मुलं असतात, त्यांचे आईबाप असतात, काही बँकेतले, काही रिक्षावाले, सगळ्यांच्या हातात तीच फाइल. जे तुम्ही मी सांगून त्यांना पटलं नाही ते तिथल्या बाकावर कदाचित पटेल. झेरॉक्सचा सेट त्यांच्याकडेच द्या, आणि जरा जास्तच काढून द्या, तिथं एक प्रत कमी पडतेच.